दोघींची सांधेदुखी एक नव्हे

प्रश्न : माझे वय ३४ आहे. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो; घरी शेती आणि चार म्हशी आहेत. माझ्या सासूबाई ६६ वर्षांच्या असून सहा-सात वर्षांपासून त्यांचे गुडघे दुखतात. जमिनीवरून उठताना आधार लागतो, जिना उतरवत नाही. एक्स-रे काढला तेव्हा गुडघ्यात गॅप आला आहे, वंगण संपले आहे, असे सांगण्यात आले. रक्तातले युरिक ॲसिड ७.१ निघाले, म्हणून त्यांच्या डाळी आणि टोमॅटो बंद केले. मला चार महिन्यांपासून दोन्ही हातांच्या बोटांचा त्रास सुरू झाला आहे. सकाळी मूठ वळत नाही, नऊ वाजेपर्यंत हात मोकळे होत नाहीत, त्यामुळे धार काढण्याचे काम आता यांच्याकडे गेले आहे. बोटे सुजतात, फार थकवा येतो. आर. ए. फॅक्टर ही वाताची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, म्हणून हा वात नाही, कामाचा ताण आहे, असे ऐकायला मिळाले. आठवडी बाजारात मिळणारी वाताची पुडी सासूबाई पाच महिने रोज घेत आहेत. दोनच दिवसांत गुण आला, आता चेहराही भरला आहे. मीही पंधरा दिवस घेतली, फरक पडला, पण भीती वाटून बंद केली. आम्हा दोघींना एकच औषध चालेल का? दही, भात, बटाटा बंद करावा का? आणि हा आजार मुळात होतो कशाने? आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करत आहोत, त्याला काही अडचण येईल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले जे वाक्य तुम्ही समाधानाने लिहिले आहे, त्यानेच मला काळजीत टाकले. पाच महिने पुडी घेतल्यावर सासूबाईंचा चेहरा भरला, हे तब्येत सुधारल्याचे लक्षण असेलच असे नाही. वातावरच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये आणि गोळ्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे आपल्याकडे वारंवार उघडकीला आले आहे, आणि दोन दिवसांत गुडघे हलके होणे, भूक वाढणे, चेहरा गोल व तकतकीत दिसू लागणे ही त्याचीच ओळखीची चाल आहे. तुमच्या पुडीत ते आहेच, असे मी पुडी तपासल्याशिवाय म्हणणार नाही. तरीही शंका एवढी दाट आहे की या आठवड्यातच त्यांना एखाद्या एम. डी. डॉक्टरांकडे न्यावे, उरलेली पुडी कागदासह सोबत न्यावी आणि रक्तदाब व रक्तातली साखर तपासून घ्यावी. पुडी घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचे काम मंदावतात, आणि पुरवठा अचानक तुटला तर उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणे, पराकोटीचा अशक्तपणा असे जिवावर बेतणारे प्रकार होऊ शकतात. यातले काही दिसले तर रात्र-अपरात्र न पाहता रुग्णालय गाठावे. मात्रा किती दिवसांत आणि कशी उतरवायची, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही स्वतः पुडी घेतलीत ती थोडेच दिवस, त्यामुळे हा धोका तुम्हाला फारसा नाही; मात्र डॉक्टरांना ते सांगायलाच हवे, कारण स्टेरॉइडने सूज दबते आणि तपासणीत खरे चित्र दिसत नाही.

या औषधाची मोहिनी नवी नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जिला चालणेही कठीण झाले होते अशा एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन या स्टेरॉइडची इंजेक्शने दिली आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. १९५० साली हेंच यांना केंडाल आणि राइखश्टाइन या दोन संशोधकांसह नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र जास्त मात्रेत आणि दीर्घकाळ दिल्यास हेच औषध हाडे ठिसूळ करते, साखर आणि रक्तदाब वाढवते, शरीराची जंतूंशी झुंजण्याची ताकद कमी करते, हे कळायलाही फार काळ लागला नाही. आज आम्ही डॉक्टर स्टेरॉइड वापरतो ते मोजून, थोड्या दिवसांसाठी आणि लक्ष ठेवून. बाजारातल्या पुडीत मोजमाप कोणाचे आणि लक्ष कोणाचे?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. दोघींना एकच औषध चालणार नाही, कारण तुम्हा दोघींचा आजार एक नाही. आपल्याकडे सांधा दुखला की ‘वात’ हा एकच शब्द पुढे येतो; वैद्यकशास्त्राला मात्र सांध्यांचे शंभरहून अधिक आजार ठाऊक आहेत. हा भेद केवळ पाश्चात्त्य वैद्यकाने शिकवला असेही नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत संधिगत वात, आमवात आणि वातरक्त यांची वर्णने वेगवेगळी आहेत आणि माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात तर आमवाताला स्वतंत्र स्थान दिले आहे. या तिघांना एकाच कागदात बांधण्याचे श्रेय बाजारालाच द्यावे लागेल.

सासूबाईंचे दुखणे पत्रावरून तरी झिजेच्या संधिवाताचे, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसचे दिसते. गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगी जिथे भेटतात तिथे दोन्ही टोकांवर गुळगुळीत, लवचीक अशी कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पावलागणिक ती दाबली जाते आणि मोकळी होते, तेव्हा स्पंजाप्रमाणे सांध्यातल्या द्रवातून पोषण शोषून घेते. वय वाढले, वजन वाढले, जुनी दुखापत झालेली असली, आनुवंशिक कल असला किंवा वर्षानुवर्षे उकिडवे बसून आणि ओझी उचलून काम करावे लागले, की तिची डागडुजी झिजेच्या मागे पडू लागते. स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हे प्रमाण अधिक असते. कूर्चा पातळ होते, हाडाच्या कडेला नवे काटे वाढतात, सांध्याचे आतले अस्तर अधूनमधून सुजते आणि मांडीचा स्नायू न वापरल्याने रोडावतो. ‘वंगण संपले’ हे वाक्य त्यामुळे अपुरे आहे. सांध्यातला द्रव संपत नाही, उलट सुजलेल्या गुडघ्यात तो जास्तच साठतो. आणि ‘गॅप आला’ हे तर वस्तुस्थितीच्या नेमके उलटे आहे. एक्स-रेमध्ये दोन हाडांच्या मध्ये जी रिकामी जागा दिसते, ती कूर्चेची असते. झीज झाली की ती जागा कमी होते. हा शब्दच्छल वाटेल, पण गॅप पडला आहे असे ऐकलेला माणूस सांधा निखळेल या भीतीने चालणे सोडतो आणि तिथूनच खरे नुकसान सुरू होते.

सासूबाईंसाठी पहिले औषध म्हणून मी मांडीच्या पुढच्या स्नायूचे नाव घेईन. खुर्चीवर ताठ बसावे, एक पाय गुडघ्यात सरळ करून जमिनीला समांतर धरावा, दहा अंक मोजावेत आणि सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. खाटेवर आडवे पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती गुडघ्याने खाली दाबून धरावी. हे जमू लागले की हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव करावा. सुरुवातीला थोडे दुखेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते दुखणे उतरत असेल तर मात्रा योग्य आहे, उतरत नसेल तर निम्मी करावी. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि दोन दिवसांत गुण देणाऱ्या पुडीशी या व्यायामाची स्पर्धा असल्याने तुम्हाला त्यांच्याजवळ बसून तो करवून घ्यावा लागेल. सपाट रस्त्यावर रोज झेपेल तेवढे चालणेही हवेच. त्यांचे वजन तुम्ही लिहिलेले नाही. ते जास्त असेल तर एवढे लक्षात ठेवा की वजन १ किलोने घटले तरी प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे अभ्यासात मोजले गेले आहे.

घरात काही बदल केले तर उद्यापासूनच त्रास कमी होईल. शौचालयात कमोड किंवा निदान कमोडची खुर्ची, विळीऐवजी ओट्यावर उभ्याने चिरणे, पूजेला पाटाऐवजी उंच स्टूल, आणि जेवायला खुर्ची. मांडी घालून बसण्यावर मी सरसकट बंदी घालत नाही. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी जरूर बसावे, पण दुखऱ्या गुडघ्यावर पूर्ण घडीचा ताण आणू नये. जिना चढताना आधी बरा पाय टाकावा आणि उतरताना आधी दुखरा. काठी वापरायची तर ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी, कारण तसेच केल्याने भार खऱ्या अर्थाने वाटला जातो. आपल्याकडे दहातले आठ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरताना मी पाहतो.

औषधांपैकी डायक्लोफेनॅकचे मलम गुडघ्याला लावणे हा चांगला आणि तुलनेने निर्धोक उपाय आहे. त्याच औषधाच्या गोळ्या रोज घेणे मात्र त्यांच्या वयात धोक्याचे आहे, कारण त्यामुळे जठरात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे आणि हृदय यांना इजा पोहोचू शकते. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळेच मूत्रपिंडे निकामी होऊन आपल्याकडची गिधाडे जवळपास संपली आणि २००६ साली जनावरांसाठीच्या त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडाएवढे हळवे नाही, तरी मेडिकलच्या दुकानातून पाकीटच्या पाकीट आणून खाण्याइतके ते औषध निरुपद्रवी नक्कीच नाही. ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्यांनी कूर्चा पुन्हा उगवते याचा भरवशाचा पुरावा नाही. ते पैसे वाचवावेत. कॅल्शियमची गोष्ट वेगळी आहे, ते हाडांसाठी असते, सांध्याच्या झिजेवर नव्हे. मात्र पाच महिने स्टेरॉइड पोटात गेले असेल तर हाडांची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. तेल लावून हलका शेक घेतल्याने बरे वाटत असेल तर जरूर घ्यावा. गुडघा गरम होऊन सुजला असेल त्या दिवशी मात्र गार पट्टी ठेवावी.

लोक ज्याला ‘वाटी बदलणे’ म्हणतात त्या शस्त्रक्रियेत मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके काढून तिथे धातूचे आणि प्लॅस्टिकचे पृष्ठभाग बसवतात. व्यायाम, वजन आणि औषधे यांना प्रामाणिक संधी देऊनही रात्रीची झोप मोडत असेल आणि घरातल्या घरात चालणे अशक्य झाले असेल, तेव्हा तिचा विचार करावा. केवळ एक्स-रे वाईट दिसतो म्हणून नव्हे, कारण एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली आहे; शस्त्रक्रियेचा आणि रुग्णालयाचा खर्च त्यात येत नाही.

युरिक ॲसिडबद्दल थोडक्यात लिहितो. ते वाढल्याने होणाऱ्या आजाराला गाउट म्हणतात. त्यात बहुधा पायाचा अंगठा एका रात्रीत लालभडक होऊन सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. सासूबाईंना असा झटका कधी आलेला नसेल, तर ७.१ हा आकडा त्यांच्या गुडघेदुखीचे कारण नाही, आणि अशा वेळी आकड्यासाठी औषधही सहसा द्यावे लागत नाही. डाळी खाल्ल्याने गाउटचा धोका वाढतो असे मोठ्या अभ्यासांत आढळलेले नाही. स्नायू कमावायला सांगायचे आणि ताटातली आमटी काढून घ्यायची, यात काय साधणार? त्यांची डाळ त्यांना परत द्या.

आता तुमच्याविषयी, आणि इथे मला घाई आहे. सासूबाईंचे दुखणे सहा वर्षांचे आहे, त्याला आणखी सहा आठवड्यांनी फरक पडणार नाही. तुमच्या चार महिन्यांना मात्र पडतो. दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना एकाच वेळी सूज, सकाळी तासाहून अधिक काळ हात आखडणे आणि सोबत थकवा, हे वर्णन रुमेटॉइड आर्थ्रायटिसशी, ज्याला आपल्याकडे बहुतेक जण आमवात म्हणतात, फार जुळते. झिजेच्या संधिवातात सकाळचे आखडणे सहसा अर्ध्या तासात सुटते आणि दिवसभराच्या कामाने दुखणे वाढते. आमवातात उलट विश्रांतीनंतर सांधे धरतात आणि हालचालीने मोकळे होतात. कामाच्या ताणाने हात दुखले असते तर ते संध्याकाळी दुखले असते, पहाटेच्या धारेला नव्हे. बोटे जिथे तळव्याला मिळतात ते सांधे, बोटांचे मधले सांधे आणि मनगटे यांना सूज आहे का, ते पाहा. आमवात बहुधा हेच सांधे धरतो आणि नखाजवळचे शेवटचे सांधे सोडतो.

या आजारात झीज हे कारण नसते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंशी लढायचे सोडून सांध्याच्या अस्तरालाच परके मानू लागते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेवटी कूर्चा व हाड कुरतडू लागते. ती अशी का बिथरते, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. आनुवंशिक कल हा एक भाग आहे, पण आईला आजार असला म्हणजे मुलीला होतोच असे नाही. धूम्रपानाने धोका आणि तीव्रता दोन्ही वाढतात. स्त्रियांमध्ये हा पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट अधिक दिसतो आणि बहुधा ऐन कामाच्या वयात गाठतो. तुम्ही गार पाण्यात हात घातलात, दही खाल्लेत किंवा बाळंतपणानंतर नीट बांधून घेतले नाही, म्हणून हा झालेला नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा. पुण्यातल्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन जी पाहणी केली, तीत दर हजार प्रौढांमागे साधारण पाच जणांना हा आजार आढळला. म्हणजे तुमच्या गावातही तुम्ही एकट्या असण्याची शक्यता कमी आहे.

आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह आल्याने आमवात नाही असे ठरत नाही. आमवात असलेल्या अनेकांमध्ये, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, ही तपासणी निगेटिव्ह येते, आणि उलट काही निरोगी वृद्धांमध्ये ती पॉझिटिव्ह येते. अँटी-सीसीपी ही अधिक नेमकी तपासणी, सोबत शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी या तपासण्या, हिमोग्लोबिन, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या असे सर्व मिळून, आणि मुख्य म्हणजे तज्ज्ञाने सांधे हाताने दाबून पाहून, निदान होते. चार महिन्यांपूर्वी तुम्हाला अंगदुखीसह मोठा ताप आला होता का, तेही आठवा. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने टिकणारी सांधेदुखी हुबेहूब आमवातासारखी दिसू शकते, आणि तिची वाट वेगळी असते.

निदान आमवाताचे झाले तर उपचार लगेच सुरू व्हायला हवेत, कारण पहिल्या काही महिन्यांत अस्तराची सूज आटोक्यात आणली तर हाडांची हानी बरीच टाळता येते. एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. यासाठी ज्यांना र्‍हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात ते संधिवाततज्ज्ञ गाठावेत. ते तुमच्या तालुक्यात बहुधा नसतील, पण मोठ्या शहरांत भेटतात, आणि पहिल्या एक-दोन भेटींनंतर पुढची देखरेख गावाजवळच्या एम. डी. डॉक्टरांकडून चालू शकते. मेथोट्रेक्सेट हे या आजारातले मुख्य आणि स्वस्त औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून तो वार कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावा. सोबत फॉलिक ॲसिड दिले जाते आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. पूर्ण परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. या मधल्या काळासाठी तज्ज्ञ कधी कधी थोड्या मात्रेत तेच स्टेरॉइड देतात, ते पाहून “मग पुडीच काय वाईट होती?” असे म्हणणारा घरात कोणीतरी निघतोच, त्याला या पत्राचा पहिला भाग दाखवा.

खाण्याविषयी माझे मत साधे आहे. दही, भात, बटाटा, वांगे किंवा आंबट यांनी आमवात वाढतो असा भक्कम पुरावा नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तुम्हाला दर वेळी त्रास होतो असे वाटले तर तो तीन आठवडे सोडून पाहा, फरक नसेल तर पुन्हा सुरू करा. तुमचा थकवा काही अंशी रक्त कमी असल्याचाही असू शकतो, आणि अशा वेळी पथ्याच्या नावाखाली ताट रिकामे करणे मला मान्य नाही. बोटे फार सुजलेली असतील त्या दिवशी धार काढू नये, कपडे पिळू नयेत, जड हंडा एका हाताने उचलू नये. सूज उतरली की कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडझाप करण्याचा व्यायाम रोज करावा.

दुसऱ्या मुलाचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिला आहे. तज्ज्ञांसमोर तो पहिल्याच भेटीत पहिल्यांदा सांगा. आमवात असताना गर्भधारणा होऊ शकते आणि बाळ निरोगी जन्मते, पण ती ठरवून आणि आजार शांत असताना व्हावी. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड ही औषधे गर्भाला घातक आहेत. मेथोट्रेक्सेट चालू असेतो गर्भनिरोधक वापरावे लागते आणि दिवस राहण्याआधी किमान तीन महिने ते बंद करावे लागते. लेफ्लुनोमाइडचा अंश तर शरीरात खूप काळ रेंगाळतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन ही औषधे गरोदरपणातही देता येतात. तुम्हाला मूल लवकर हवे असेल तर तज्ज्ञ सुरुवातच या दोन औषधांपासून करतील, वर्षभर थांबण्याची तयारी असेल तर आधी मेथोट्रेक्सेटने आजार काबूत आणून मग औषध बदलतील. तेव्हा यजमानांना सोबत घेऊन जा, आणि निघण्याआधी दोघांनी मिळून हे वर्षाचे गणित घरी ठरवा.